देवकुंडाच्या वाटेवर ओढे मोजत जा

जूनची पहिली दणकून सर पडली की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते, ‘देवकुंडाला पाणी आलं का?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावाजवळच्या या धबधब्याची कड्यावरून सुटलेली धार आणि खालचं हिरवंनिळं कुंड असतं. तिथं पाणी येतंच, त्याची काळजी नको. चौकशी करायची ती वाटेतल्या ओढ्यांची. धबधब्यापाशी बुडतात ते पोहायला उतरलेले. पाण्यात न उतरता शहाण्यासारखे परत निघालेले लोक अडकतात ते ओढ्यावर. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीला लागतो आणि पलीकडं गाडी, जेवण, घर सगळं असतं.

इथं उदाहरण देवकुंडाचं घेतलंय, कारण पुणे-मुंबईकडचा पहिल्यांदा जंगलवाटेनं धबधब्याला जाणारा माणूस बहुधा तिथंच जातो. पण पद्धत तीच कातळधारेला, काळूला, अंधारबनाला किंवा तुमच्या गावामागच्या बिननावाच्या धबधब्याला.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर जुलै सोडून द्या. जुलैत घाटमाथ्यावर पाऊस नुसता ओततो, धुक्यानं धबधबा दिसत नाही, आणि रविवारी माणसांचं धुकं वेगळंच. खरे दिवस गणपती उठल्यावरचे. ओढे स्वच्छ असतात, धार भरात असते, माथ्यावर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो आणि वाटेवरचा चिखल घट्ट झालेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही देवकुंडाला पाणी असतं आणि तेव्हा कुंडाचा तो फोटोतला रंग खरोखर दिसतो. जुलैत ते चहाच्या आधणासारखं गढूळ असतं.

शिवाय भर पावसाळ्यात देवकुंड अनेकदा बंदच असतं. अपघात झाले की जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. त्या तारखेच्या आदल्याच दिवशी, ३० जूनला, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि पाठोपाठ पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी ठिकाणी बंदी आली. बंदी असली तर जाऊ नका. ‘मागच्या वाटेनं नेतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतो, त्याला नमस्कार करून पुढं व्हा. दूधसागरला २०२३ च्या जुलैत रुळांवरून चालत गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो प्रकार आठवत असेल. उठाबशांवर भागलं ते नशीब.

आदल्या दिवशीचा अभ्यास

इथं बहुतेक जण एक चूक करतात. देवकुंड रायगड जिल्ह्यात, म्हणून रायगडचा अंदाज बघतात. पण कुंडात पडणारं पाणी पडलेलं असतं वर, मुळशी-ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या बाजूला. भिऱ्यात ऊन असताना वर ढग फुटल्यासारखा पाऊस चालू असू शकतो, आणि ते पाणी तासाभरात तुमच्या पायाशी येतं. म्हणून हवामान विभागाचा पुण्याच्या घाट परिसराचा वेगळा अंदाज निघतो तो बघा आणि रायगडचाही बघा. दोन्हींतला वाईट तो आपला.

इशाऱ्याच्या रंगांचं साधारण गणित असं: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर तो जोरदार पाऊस (यलो), ११५.६ च्या वर अति जोरदार (ऑरेंज), २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार (रेड). ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. यलो असेल तर ओढे नसलेली जागा निवडा, गडावर जा, चहाभजी खा. रंगाइतकाच महत्त्वाचा आदल्या दोन दिवसांचा पाऊस. जमीन भिजून गच्च झाली असेल तर नवा थेंबन् थेंब थेट ओढ्यात येतो. आपला डोंगर काळ्या कातळाचा, पाणी पिणार तरी किती? एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर होतं १० कोटी लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. आणि ते सगळे एकाच घळीतून खाली यायला निघतात.

घरी एका माणसाला लिहून ठेवा: कुठं चाललोय, कुठल्या गावातून, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत फोन न आल्यास हालचाल करायची. जंगलात शिरल्यावर रेंज जाते, तेव्हा ‘तिथून लोकेशन पाठवतो’ हे घरच्यांना सांगू नका. नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्या.

पाठीवर आणि पायात

पायातल्या वस्तूवर पैसे खर्च करा, बाकीच्यावर वाचवा. ओल्या कातळावर धरणारा रबरी सोल हवा. धावण्याचे गुळगुळीत बूट नकोत, फ्लोटर्स नकोत, नवेकोरे बूट तर मुळीच नकोत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी स्वस्तातले अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज वापरलेत. गोरेटेक्सवाल्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कापडाच्या, महागड्या बुटात एकदा पाणी शिरलं की ते बाहेर पडायचं नाव घेत नाही. पावसाळ्यात बूट भिजणारच, तो लवकर निथळला पाहिजे एवढंच.

जीन्स घालू नका. भिजली की दोन किलोंची होते आणि गुडघा वाकत नाही. ढगळ पोंचो काटेरी जाळीत अडकतो, कमरेपर्यंतचं साधं जाकीट बरं. सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान त्यात. वरून घालायचं रेनकव्हर पाठीच्या बाजूनं पाणी घेतंच. त्या पिशवीत: एक कोरडा टीशर्ट, दीड-दोन लिटर पाणी, विजेरी (मोबाईलचा टॉर्च ही विजेरी नव्हे), शिट्टी, रोलर बँडेज, रोजची औषधं, मिठाची पुरचुंडी, आणि खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. केळी वरच्या कप्प्यात. एकदा मी ती खालच्या कप्प्यात ठेवली होती आणि आठवडाभर सॅकला शिकरणाचा वास येत होता.

हातात काठी हवी. गावात पाच मिनिटं मागितली तर कुणीही देतं. तिचा खरा उपयोग ओढ्यात कळतो.

गावात पोचल्यावर

पुण्याहून मुळशी, ताम्हिणी करत घाट उतरा, विळ्याच्या अलीकडं पाटणूस-भिऱ्याचा फाटा लागतो. मुंबईकरांनी कोलाडमार्गे यावं. भिऱ्यात साडेसातला पोचायचं म्हणजे पहाटे निघणं आलं. अकराला चालायला सुरुवात करणाऱ्यांची गर्दी परतीला दुपारच्या पावसात सापडते, त्यात आपण नको.

इथं स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि नसता लागला तरी घ्यावा. ठरवाठरवी करताना घासाघीस करत बसू नका. पण त्याला प्रश्न मात्र नीट विचारा. ‘जाता येईल ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो, येईल की’ असंच येणार. पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही आणि त्याचा दिवसाचा रोजही त्यावर आहे. विचारायचं असं: ‘रात्री किती पाऊस झाला? ओढ्याला काल पाणी कुठवर होतं? आज गुरं पलीकडं नेली का?’ गुरं नेली नसतील तर तुम्हीही जाऊ नका. दावणीचा बैल बुडवून घ्यायची हौस कुणाला नसते, त्यामुळं गुराख्याचा अंदाज कुठल्याही अ‍ॅपपेक्षा खरा.

निघायच्या आधी जेवण सांगून ठेवा. ‘मावशी, चार माणसं, दोन वाजता येतो, पिठलं-भाकरी करून ठेवा.’ याचे दोन फायदे. एक तर गरम भाकरी मिळते. दुसरा असा, की तीन वाजले तरी तुम्ही आला नाहीत तर त्या गावात एक बाई दारात येऊन रस्त्याकडं बघत असते. पुण्यात लिहून ठेवलेला कागद संध्याकाळी कामाला येतो, मावशी तीनलाच.

वाट

देवकुंडाची वाट पाच-सहा किलोमीटर, एका बाजूला दोन-अडीच तास धरा. सुरुवातीला भिऱ्याच्या जलाशयाच्या कडेनं सपाट चालणं आहे. हे पाणी मुळशी धरणातून डोंगर उतरून वीज करून आलेलं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि ज्यानं बापटांना ‘सेनापती’ केलं, तेच. चालता चालता एवढं तरी आठवावं. याच विजेमुळं खालची कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते आणि कोलाडचं राफ्टिंग चालतं. पण वीजघरातून पाणी सोडलं की नदी न सांगता चढते, म्हणून परत येताना ‘जरा पाय धुऊ’ म्हणून नदीपात्रात उतरू नका.

पाण्याची कड सुटली की रान लागतं. इथून दोन सवयी लावून घ्या. पहिली, दर फाट्यावर थांबून मागं वळून बघा आणि एक फोटो काढा. येताना वाट उलटी दिसते, जाताना ओळखीचं वाटलेलं झाड परतताना परकं होतं. ढोरवाटा मळलेल्या असतात म्हणून फसवतात. दहा मिनिटं झाडीच्या उंचीवर लक्ष ठेवा, फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या यायला लागल्या की समजा, ही गुरांची वाट आहे, माणसांची नाही.

दुसरी, वाट चुकलात तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत उलटं या. ‘पाण्याच्या कडेनं खाली उतरत गेलं की गाव लागतं’ हा सल्ला सह्याद्रीत जीवावर बेततो. आपल्याकडचा ओढा खाली जातो तो कड्यावरून उडी मारत. त्याच्या मागं गेलात की तुम्ही एका अनोळखी धबधब्याच्या माथ्यावर, शेवाळलेल्या कातळावर उभे असता. धुक्यात तर तो कडा चार पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

जळवांचा बाऊ नको. चिकटली तर मीठ टाका किंवा नखानं बाजूला करा, रक्त थोडा वेळ वाहतं आणि थांबतं. सापाचं मात्र मनावर घ्या. कोकणात फुरसं दगडाखाली आणि पाचोळ्यात असतं, हिरवा चापडा फांदीवर पानासारखा बसलेला असतो. म्हणून आधाराला फांदी धरताना आधी बघायचं, मग धरायचं. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला उचलून आणायचं आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर अडचणीला ११२.

ओढा

आता मुख्य गोष्ट. जाताना प्रत्येक ओढा मोजा. बोटांवर मोजा, वहीत लिहा, कसंही. पहिला, दुसरा, तिसरा, आणि प्रत्येकाला पाणी कुठवर होतं: घोटा, पोटरी, गुडघा. परतीचा हिशेब याच आकड्यांवर होतो. जाताना एखादा ओढा पोटरीच्या वर असेल आणि आभाळ भरलेलं असेल तर तिथूनच परत फिरा. धबधबा पुढच्या आठवड्यातही तिथंच असणार आहे.

उतरण्याची जागा निवडताना अरुंद जागेचा मोह होतो. चार ढांगांत पलीकडं जाऊ असं वाटतं. पण पाणी अरुंद जागीच खोल आणि जोरात असतं. पात्र पसरट झालंय, तळाचे गोटे दिसतायत अशी जागा बघा. मग खालच्या बाजूला नजर टाका: पाय सुटला तर कुठं जाऊन पडू? पन्नास पावलांवर उडी किंवा अडकलेली झाडं असतील तर ती जागा बाद.

बूट काढायचे नाहीत. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडायचे, म्हणजे पडलात तर ती झटकन टाकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढं रोवलेली, आणि खेकड्यासारखं आडवं सरकत जायचं. काठी, एक पाय, दुसरा पाय. तीनपैकी एका वेळी एकच हलवायचं. नजर पलीकडच्या काठावर ठेवा, पायाखालच्या धावत्या पाण्याकडं एकटक बघितलं की गरगरतं. गट असेल तर तिघाचौघांनी खांदे धरून एकत्र जा, सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला. कमरेला दोर बांधून ओढा ओलांडू नका. पडलेल्या माणसाला तोच दोर ताणून पाण्याखाली धरतो. आणि जोराचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर यातलं काहीच करायचं नाही, थांबायचं.

थांबणं हे मी एकदा शिकलो. मुळशीतल्याच एका धबधब्याहून परत येत होतो, पाऊस आमच्यावर फारसा नव्हताच. शेवटच्या ओढ्याच्या अलीकडं पुढचा मित्र थबकला आणि म्हणाला, ‘आवाज बदललाय रे.’ खरंच, खळखळीच्या खालून एक ठक ठक येत होती. तळाचे गोटे एकमेकांवर आपटत होते. सकाळी नितळ असलेल्या पाण्याला चहाचा रंग आला होता, त्यात सुकी पानं, काटक्या, पांढरा फेस. ओल्या मातीचा वास नाकात भरला. ही सगळी लोंढा येत असल्याची लक्षणं. आमच्यातल्या एकाला ‘आत्ताच पटकन जाऊ या’ असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तो एक मीच होतो.

आम्ही काठापासून दोन पुरुष उंचीवर, एका कातळावर जाऊन बसलो. मित्रानं पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी रोवली. पाच मिनिटांत ती बुडाली. वर दुसरी रोवली, तीही गेली. तिसरी टिकली. अर्ध्या तासानं तिसरी आणि पाणी यांच्यात चार बोटं ओली माती दिसली. मग दुसरी काटकी डोकं वर काढती झाली. कोरडे टीशर्ट घातले, गूळ खाल्ला, सव्वा तासानं पाणी गुडघ्याखाली आलं तेव्हा उतरलो. छोटा ओढा जितक्या घाईनं चढतो तितक्याच घाईनं उतरतो, वर पाऊस थांबला असला तर. म्हणून काटकीचं यंत्र लावा आणि बसा. काटकी बुडतच राहिली आणि चार वाजून गेले, तर रात्र काढायची तयारी ठेवा, उंचावर, ओढ्यापासून लांब. उपाशी, भिजलेली रात्र वाईट असते. पण सकाळ होते.

कुंडापाशी

इथं फार सांगण्यासारखं नाही, कारण करायचं फार नाही. बघायचं. आपल्याकडचा बहुतेक प्रत्येक धबधबा कठीण कातळाच्या थराखाली मऊ थर झिजून तयार होतो, त्यामुळं धारेखाली कुंड खोल आणि आत कपारीत शिरलेलं असतं. पडणारं पाणी खाली जातं, उलटं फिरतं आणि परत धारेखाली येतं. त्या चकरीत सापडलेलं लाकूडही तासभर बाहेर येत नाही, तिथं ‘मी नदीत पोहायला शिकलोय’ हे कामाचं नाही. पांढऱ्या फेसात हवा असते, त्यात माणूस तरंगतही नाही धड. आणि धारेबरोबर वरून दगड येतो. देवकुंडाला दोर लावलेला असेल तर त्याच्या अलीकडं राहा, नसेल तर मनातल्या मनात लावा.

अर्धा तास पुरे. पाठ धारेकडं करून फोटो काढत असाल तर एकानं तरी तोंड धारेकडं ठेवून पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवावं. दारूची बाटली घेऊन आलेला घोळका असेल तर त्यांच्यापासून लांब बसा, कुणी पडलं की वाचवायला तुम्हालाच हाका येतात. आणि हाक आलीच तर पाण्यात उडी नाही: काठी, ओढणी, रिकामी पाण्याची बाटली, जे हाताला येईल ते फेका आणि वाटाड्याला बोलवा.

परत

साडेअकरा, फार तर बारा वाजता कुंड सोडा. उतरताना गुडघे दमलेले असतात आणि घसरणं याच वेळी होतं, तेव्हा पावलं लहान टाका, ओल्या मुळांवर पाय देऊ नका, काळ्या कातळापेक्षा खरखरीत, शेवाळ नसलेला भाग बघा. ओढे आता उलटे मोजायचे. तिसरा झाला, दुसरा झाला. आकडा जुळला नाही तर एखादा चुकलाय, म्हणजे वाटही चुकलीय.

गावात आलात की आधी मावशींना तोंड दाखवा, मग घरी फोन करा, मग हातपाय धुवा. भाकरी कडक होण्याआधी बसा. वाटाड्याचे पैसे हातात द्या आणि वाटेत उचललेला कचरा गावात टाकू नका, गाडीत घेऊन जा. बुटात जुना पेपर कोंबला की दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी ओढून घेतो. आणि गाडीत बसायच्या आधी मोजे उलटे करून दोनदा झटका. आमच्याबरोबर एक जळू थेट कोथरूडपर्यंत आली होती, टोल न भरता.